गृहदीपन, कोकणातील

गृहदीपन, कोकणातील : राहत्या घरातील नैसर्गिक व कृत्रिम प्रकाशाच्या योजनेस गृहदीपन म्हणतात. दक्षिण कोकणातील, विशेषतः सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कसाल–मालवण परिसरातील, घरांत शे-दीडशे वर्षांत दिव्याचे इंधन तीन वेळा पालटले : वनस्पतिज तेलाची जागा घासलेटने घेतली, घासलेटची विजेने, आणि विजेच्या युगातही तापदीप्त दिव्याची जागा आधी अनुस्फुरक नळीने व नंतर प्रकाशोत्सर्जक द्विप्रस्थाच्या, म्हणजे व्यवहारात एलईडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, दिव्याने घेतली. या प्रत्येक पालटाबरोबर एका घराच्या उजेडापायी वातावरणात जाणाऱ्या कार्बनाचे प्रमाणही बदलत गेले. हा बदल नेहमीच कमी होण्याच्या दिशेने झाला, असे मात्र नाही.

कसाल हे कुडाळ तालुक्यातील गाव मुंबई–गोवा महामार्गावर कणकवली व ओरोस यांच्या दरम्यान वसलेले असून मालवणकडे जाणारा रस्ता येथील तिठ्यावरून फुटतो. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यापासून वेगळा करण्यात आला व त्याचे मुख्य ठाणे कसालशेजारच्या ओरोस येथे उभारण्यात आले. वर्षाकाठी ३,००० मिमी.हून अधिक पडणारा पाऊस, जांभ्याच्या चिऱ्यांची विपुलता आणि समुद्रावरून येणारा दमट वारा या तीन गोष्टींनी येथील घराचे रूप ठरविले आहे. पावसाची झड भिंतीवर येऊ नये म्हणून छपराच्या पागोळ्या माणसाच्या उंचीपर्यंत खाली आणलेल्या असतात. पुढे खळे, त्यानंतर पडवी, ओटी, माजघर आणि मागील बाजूस रांधपाची खोली अशी खोल्यांची ओळ आत आत जाते. पावसापासून उत्तम संरक्षण देणारी ही रचना प्रकाशाच्या दृष्टीने मात्र प्रतिकूल आहे. माजघराला बाहेरची भिंत बहुधा नसते. त्यामुळे तेथे भर दुपारीही अंधार असतो. शेणाने सारवलेली जमीन, धुराने काळवंडलेले वासे व गिलावा नसलेला जांभा यांमुळे आत आलेला प्रकाशही परावर्तित होण्याऐवजी शोषला जातो. घरातील पुरुषांचा वावर ओटी-पडवीवर आणि स्त्रियांचा माजघरात व चुलीपाशी, अशी विभागणी असल्याने या अंधाराचा भारही घरात सारखा वाटला गेला नव्हता.

या अंधारावरील सर्वांत जुना व सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे काचेचे कौल. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढल्यानंतर मंगळुरी कौले सागरी मार्गाने पश्चिम किनाऱ्यावर पसरली. नळीची कौले व गवती शाकारणी मागे पडू लागली. मंगळुरी कौलाचाच आकार व खाचा असलेले काचेचे कौल छपरात कोठेही बसविता येते, हा या पद्धतीचा अनपेक्षित लाभ ठरला. एक चौ. मी. छपराला अशी सु. १५ कौले लागतात. भारतीय मानकांत दिवसाच्या प्रकाशयोजनेसाठी आकाशाची प्रदीप्ती ८,००० लक्स गृहीत धरतात. त्या हिशेबाने, काचेत होणारी घट वजा जाता, एका कौलातून सु. ३५० ल्यूमेन प्रकाश आत येतो. हा प्रकाश ६० वॉटच्या तापदीप्त दिव्याच्या प्रकाशाच्या निम्मा आहे. चुलीच्या वर व माजघराच्या मध्यभागी अशी एक-दोन कौले बसविण्याची रूढी कोकणातील गवंड्यांनी कोणत्याही संहितेविना पाळली होती. पुढे सिमेंटच्या सपाट छपरांची घरे बांधली जाऊ लागली तेव्हा ही सोय गेली आणि दिवसा दिवा लावावा लागणाऱ्या खोल्या नव्याने निर्माण झाल्या. ऊर्जाबचतीच्या चर्चेत या गोष्टीची दखल फारशी घेतली जात नाही.

तेलाचे दिवे : समई, निरांजन, पणती, लामणदिवा व भिंतीतील दिवळीत ठेवावयाची दिवली हे घरगुती दिव्यांचे परंपरागत प्रकार होत. त्यांत जाळावयाचे तेल परिसरातच निघे. देवापुढे खोबरेल किंवा तिळेल, आणि नित्य वापराच्या दिव्यांत करंज किंवा उंडी यांच्या बियांचे कडू तेल वापरीत. उंडीचा वृक्ष किनाऱ्यालगत व खाड्यांच्या काठी वाढतो. त्याच्या बियांतील गर तेलाने समृद्ध असतो. तेल हिरवट, उग्र वासाचे व खाण्यास अयोग्य असल्याने ते दिव्यासाठी आणि होड्यांच्या लाकडाला लावण्यासाठीच राखले जाई. वातीचा दिवा इंधनातील ऊर्जेचा अत्यल्प भाग प्रकाशात रूपांतरित करतो. त्याची कार्यक्षमता दर वॉटला एका ल्यूमेनच्या दोन-तीन दशांशांहून अधिक नसते. परंतु त्या तेलातील कार्बन वृक्षाने त्याच काळात हवेतून घेतलेला असल्याने वातावरणातील एकूण कार्बनात या दिव्यांनी भर पडत नसे. प्रकाशही तसाच तुटपुंजा होता. दिवेलागणीनंतरची कामे मोजकी ठेवणे, जेवण लवकर उरकणे व तिन्हीसांजेनंतर केर न काढणे या रूढींमागे उजेडाची ही टंचाई उघड दिसते.

घासलेटचे आगमन : अमेरिकेत १८५९ मध्ये खनिज तेलाची व्यापारी विहीर खोदली गेल्यानंतर दिव्याचे तेल म्हणून केरोसिनाचा प्रसार झपाट्याने झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून, नंतर बाकूहून व ब्रह्मदेशातून ते भारतात येऊ लागले. मराठीतील ‘घासलेट’ हा शब्द ‘गॅसलाइट’चा व ‘रॉकेल’ हा ‘रॉक ऑइल’चा अपभ्रंश आहे. मुंबईत रस्त्यांवर वायूचे दिवे १८६५ च्या सुमारास लागले होते. कोकणातील गावांत मात्र तो वायू कधी पोहोचला नाही. पोहोचले ते त्याचे नाव, आणि तेही पत्र्याच्या डब्यातून. उंडी, करंजाचे तेल काही दशकांतच दिव्यातून बाद झाले.

घासलेटच्या दिव्यांत तीन प्रती होत्या. काचेवाचूनची चिमणी ही सर्वांत स्वस्त व सर्वांत धुरकट. तिच्या वरची प्रत कंदिलाची. कऱ्हाडजवळ ओगलेवाडी येथे १९१६ मध्ये स्थापन झालेल्या ओगले काच कारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील दोन महायुद्धांच्या दरम्यान महाराष्ट्रात घरोघर पोहोचला. स्वदेशीच्या चळवळीने त्याला आश्रय दिला, परंतु तो टिकला तो त्याच्या काचेच्या गुणामुळे. तिसरी प्रत दाबाखाली तेलाचे बाष्प करून जाळीवर जाळणाऱ्या गॅसबत्तीची. ती लग्नकार्ये, भजने आणि दशावतारी नाटकांच्या रात्रींसाठी भाड्याने आणीत. गॅसबत्ती नावाने ‘गॅस’ची असली, तरी तिच्यातही घासलेटच जळे.

कंदिलाची काच रोज राखेने पुसणे व वात कातरणे हे मुलींचे व सुनांचे काम असे. धुराचा उपसर्गही चुलीपाशी आणि अभ्यासाच्या चिमणीपाशी बसणाऱ्यांनाच अधिक होई. या धुराचे हवामानविषयक महत्त्व बऱ्याच उशिरा ध्यानात आले. साध्या वातीच्या दिव्यात जळणाऱ्या घासलेटपैकी वजनाने ७ ते ९ टक्के भाग काजळीच्या रूपाने बाहेर पडतो, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांवरून दिसून आले. त्या काजळीचा तापनपरिणाम त्याच दिव्यातून निघणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइडच्या परिणामाहून अनेक पटींनी अधिक असतो. ताशी १५ मिली. घासलेट जाळणारी चिमणी रोज चार तास लावली, तर वर्षाला सु. २२ लि. तेल लागते व त्यापासून, काजळी सोडून, सु. ५५ किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड निर्माण होतो. दगडी कोळशाच्या विजेवर रोज तितकेच तास चालणारा ६० वॉटचा दिवा वर्षाला सु. ८५ किग्रॅ. निर्माण करतो. चिमणी १०-१२ ल्यूमेन प्रकाश देते, तर असा दिवा ७००. म्हणजे विजेने प्रकाश साठपटीने वाढला, कार्बन मात्र सु. दीडपटच झाला. तथापि वीज आलेल्या घरात दिवा एकच राहत नाही, हे पुढील विवेचनात लक्षात ठेवावयाचे आहे.

विजेचा प्रसार : मुंबईतील क्रॉफर्ड मार्केटमध्ये १८८२ मध्ये विजेचे दिवे लागले. टाटांच्या खोपोली जलविद्युत् केंद्रातून १९१५ मध्ये मुंबईला वीजपुरवठा सुरू झाला. ही वीज कोकणाच्याच भूमीवर निर्माण होत होती, तरी ती घाटमाथ्याखालील खेड्यांकरिता नव्हती. गिरण्या व शहर हेच तिचे ग्राहक होते. महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाची स्थापना २० जून १९६० रोजी झाली आणि १९६२ पासून कोयनेची वीज उपलब्ध होऊ लागली. त्यानंतरच्या दोन-अडीच दशकांत दक्षिण कोकणातील गावांत खांब व तारा पोहोचल्या. गावात वीज येणे आणि घरात वीज येणे यांत बराच काळ अंतर राहिले. वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या, घरे एकमेकांपासून दूर आणि तारांवर माड-आंब्यांच्या फांद्या पडण्याचे भय कायमचे, यांमुळे दर जोडणीमागे येथे लागणारा खर्च देशावरील गावठाणापेक्षा अधिक होता. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील ८३·९ टक्के कुटुंबे प्रकाशासाठी वीज वापरीत होती. संपूर्ण भारतात हे प्रमाण ६७·२ टक्के होते व ३१·४ टक्के कुटुंबे घासलेटवरच अवलंबून होती.

जिल्ह्यात अपारंपरिक विजेचा प्रयोगही लवकर झाला. देवगड येथील कड्यावर १९८६ मध्ये उभारलेल्या पवनचक्क्या या भारतातील अगदी आरंभीच्या पवनविद्युत् प्रकल्पांपैकी होत. मात्र राज्याच्या विजेचा मोठा वाटा विदर्भातील व उत्तर महाराष्ट्रातील औष्णिक केंद्रांतून, म्हणजे दगडी कोळशातून, येत गेला. कसालच्या माजघरातील दिव्याचा धूर आता घरात दिसेनासा झाला; तो चंद्रपूर वा कोराडीच्या धुराड्यातून बाहेर पडू लागला.

आरंभीच्या विजेच्या घरात बहुधा तीन-चार दिवे असत : पडवीत एक, ओटीवर एक, माजघरात एक आणि रांधपाच्या खोलीत सर्वांत लहान, २५ किंवा ४० वॉटचा. टंगस्टनाच्या तंतूचा हा तापदीप्त दिवा घेतलेल्या विजेपैकी जेमतेम वीसाव्या हिश्शाचा प्रकाश करतो. उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. अनुस्फुरक नळी, बोलीत ‘ट्यूब’, ही अधिक कार्यक्षम होती. परंतु ४० वॉटच्या नळीचा लोखंडी गाभ्याचा चोक आणखी १२ ते १५ वॉट घेई व ही गोष्ट वेष्टनावर लिहिलेली नसे. वाहिनीच्या टोकाकडील वाड्यांत संध्याकाळी विद्युत् दाब इतका उतरे की नळी पेटतच नसे, नुसती लुकलुके. म्हणून ओटीवर ट्यूब आणि तिच्याशेजारी खात्रीचा म्हणून पिवळा बल्ब अशी दुहेरी व्यवस्था घरोघर दिसे.

देवघरात रात्रभर जळणाऱ्या ‘झीरोच्या बल्ब’चा उल्लेख येथे केला पाहिजे. नाव शून्याचे असले, तरी हा दिवा १२ ते १५ वॉट घेतो. जुन्या चकतीच्या मापकांवर त्याची नोंद नीट होत नसे, म्हणून तो फुकट जळतो अशी समजूत रूढ झाली. रात्री दहा तास या हिशेबाने तो वर्षाला ५० एककांच्या आसपास वीज खातो. रोज चार तास लावलेला नऊ वॉटचा एलईडी दिवा वर्षाला १३ एककेच घेतो. देवापुढील नंदादीपाची परंपरा ज्या दिव्याकडे गेली तोच घरातील बराच खर्चिक दिवा ठरावा, हे कोणाच्या लक्षात आले नव्हते.

कार्यक्षम दिव्यांचा पुरस्कार : १९७३ च्या तेलसंकटानंतर पाश्चात्त्य देशांत अनुस्फुरक नळी वळवून लहान करण्याचे प्रयत्न झाले व १९८० पासून असे संहत दिवे, म्हणजे सीएफएल, बाजारात आले. त्यांना साध्या दिव्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाची वीज पुरे. किंमत मात्र अनेक पटींनी अधिक होती. भारतात हा दिवा घरोघर पोहोचविण्याचा पहिला मोठा आराखडा मुंबईसाठी आखला गेला, आणि तो एका मराठी शास्त्रज्ञाने मांडला, ही बाब महाराष्ट्रात फारशी ज्ञात नाही. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील अशोक गाडगीळ यांनी १९९०–९१ च्या सुमारास ‘बेल’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी मुंबईची मोठ्या प्रमाणावरील प्रयोगयोजना पुढे ठेवली. तिचे सूत्र साधे होते. घरगुती ग्राहकाला वीज उत्पादनखर्चापेक्षा कमी दराने मिळते; म्हणजे त्याने जाळलेल्या प्रत्येक एककावर वीज मंडळाला तोटाच होतो. घरगुती दिवे नेमके संध्याकाळच्या कमाल मागणीच्या वेळी लागतात, जेव्हा वीज सर्वांत महाग व सर्वांत अपुरी असते. तेव्हा मंडळाने स्वतःच महागडा दिवा विकत घेऊन ग्राहकाला तो भाडेपट्ट्याने द्यावा व भाडे दरमहा वीज बिलातून वसूल करावे; यात ग्राहकाचे बिल उतरते आणि मंडळाचा तोटाही घटतो.

हिशेब निर्दोष होता. तथापि योजना बाजारापर्यंत पोहोचण्याआधीच थांबली. वीज कंपन्या, उत्पादक, अर्थसाहाय्य देणाऱ्या संस्था व शासन या सर्वांचे हित एकाच वेळी जुळून यावे लागत होते आणि ते जुळले नाही. गाडगीळ व त्यांच्या सहलेखिकेने १९९४ मध्ये या अनुभवाची चिकित्सा प्रसिद्ध केली. ऊर्जाबचतीच्या वाङ्मयात यशाच्या हकीकती पुष्कळ आहेत. अपयशाची अशी प्रांजळ नोंद विरळा. त्याच सुमारास त्याच प्रयोगशाळेतील जयंत साठये व सहकाऱ्यांनी मेक्सिकोतील ‘इल्यूमेक्स’ या समान स्वरूपाच्या प्रकल्पाचे आर्थिक विश्लेषण केले. तो प्रकल्प १९९५ मध्ये प्रत्यक्षात आला.

या सर्व काळात उद्दिष्ट विजेची टंचाई निवारणे हे होते. कार्बन उत्सर्जनाचा विचार १९९२ चा हवामानबदलविषयक आराखडा करार आणि १९९७ चा क्योटो मसुदा यांनंतर जोडला गेला. भारतात ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ मध्ये संमत होऊन १ मार्च २००२ रोजी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो अस्तित्वात आला. २००६ पासून उपकरणांवर ताऱ्यांची श्रेणी देण्यास प्रारंभ झाला व नळीचे दिवे हे त्यांतील पहिल्या काही वस्तूंपैकी होते. महाराष्ट्रात विद्युत् मंडळाचे ६ जून २००५ रोजी विभाजन होऊन वितरण महावितरण कंपनीकडे आले. राज्यात त्या वर्षांत तीव्र भारनियमन चालू होते. नाशिक परिमंडळात सीएफएल वाटपाचा प्रायोगिक कार्यक्रम याच टंचाईच्या पार्श्वभूमीवर राबविला गेला. केंद्र शासनाच्या २००९ च्या ‘बचत लॅम्प योजने’त जुना दिवा देऊन १५ रुपयांत सीएफएल घेता येई आणि किंमतीतील फरक क्योटो मसुद्याखालील कार्बन प्रमाणपत्रे विकून भरून काढावयाचा होता. म्हणजे कोकणातील पडवीचा दिवा युरोपातील कार्बन बाजाराला बांधला गेला. त्या बाजारातील भाव २०११ नंतर कोसळले आणि योजनेचा आधारच गेला.

निळा प्रकाश देणारा द्विप्रस्थ आकासाकी, आमानो व नाकामुरा या जपानमध्ये जन्मलेल्या शास्त्रज्ञांच्या संशोधनातून १९९० नंतर सिद्ध झाला. त्याबद्दल त्यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या प्रकाशावर पिवळ्या अनुस्फुरक द्रव्याचा लेप दिला की पांढरा प्रकाश मिळतो. या दिव्याची किंमत भारतात उतरली ती शास्त्रीय शोधापेक्षा घाऊक खरेदीमुळे. केंद्र शासनाच्या ऊर्जा कार्यक्षमता सेवा कंपनीने २०१४ च्या आरंभी एक दिवा ३१० रुपयांना खरेदी केला होता. २०१६ मध्ये तोच भाव ३८ रुपयांवर आला. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेत ग्राहकाने आरंभी अल्प रक्कम देऊन उरलेली बिलातून फेडावयाची, अशी सोय अनेक राज्यांत होती. हे ‘बेल’चेच सूत्र पाव शतकानंतर अमलात आले होते. महाराष्ट्रात या योजनेतून दोन कोटींहून अधिक दिवे वाटले गेले.

बचतीचा हिशेब : अधिकृत आकडेवारीनुसार ‘उजाला’तून देशभर सु. ३६·८७ कोटी दिवे वितरित झाले असून त्यांमुळे वर्षाला सु. ४,७८८ कोटी एकके वीज व सु. ३·९ कोटी टन कार्बन डाय-ऑक्साइड वाचतो. या आकड्यांचा भागाकार केल्यास दर दिव्यामागे वर्षाला १३० एककांची बचत येते. ६० वॉटच्या जागी ९ वॉटचा दिवा आला असे धरले, तर त्यासाठी प्रत्येक दिवा रोज सात तास जळावयास हवा. ओटीवरील दिव्याबाबत हे शक्य आहे. न्हाणीघर, मांगर किंवा पाहुण्यांच्या खोलीतील दिव्याबाबत नाही. शिवाय अनेक घरांत एलईडी आला तो तापदीप्त दिव्याच्या नव्हे, तर सीएफएलच्या जागी. तेव्हा हा आकडा कमाल मर्यादा म्हणून वाचावा हे बरे. योजनेचे खरे यश बाजारभाव कायमचा खाली आणण्यात आहे, आणि ते या गणितात मोजले जात नाही.

कसालसारख्या गावातील एका घराचा हिशेब पुढीलप्रमाणे करता येईल. ६० वॉटचे पाच दिवे रोज सरासरी चार तास लावल्यास वर्षाला ४३८ एकके वीज लागते. तेच दिवे ९ वॉटचे असल्यास सु. ६६. फरक ३७२ एककांचा. देशातील विजेच्या दर एककामागे अलीकडे सु. ०·७२ किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड निर्माण होतो. त्यानुसार एका घराची वार्षिक बचत सु. २७० किग्रॅ. भरते. तारांमधील गळती जमेस धरल्यास ती आणखी वाढते. रुपयांतील बचत मात्र सर्वांना सारखी नसते. कमी वापराच्या टप्प्यातील ग्राहकाचा दर मुळातच कमी असल्याने गरीब घराला दिवा बदलून मिळणारा फायदा लहान, आणि तोच दिवा वितरण कंपनीचा वाचवीत असलेला तोटा मोठा असतो. दिव्याचा खर्च कोणी सोसावा, या प्रश्नाचे उत्तर गाडगीळांच्या मांडणीत होते ते याच कारणाने.

प्रकाशयोजना : दिवा बदलणे म्हणजे प्रकाशयोजना नव्हे. कोकणी घरात छताची तावदाने नसल्यास दिवा वरच्या वाशाला, जमिनीपासून साडेतीन-चार मीटरवर टांगलेला असतो. ७०० ल्यूमेनचा दिवा सर्व दिशांना सारखा प्रकाश टाकतो असे मानल्यास त्याची दीप्ती सु. ५६ कॅन्डेला होते. प्रदीप्ती अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने कामाच्या जागेपासून तीन मीटरवर ती फक्त ६ लक्स, तर दीड मीटरवर २५ लक्स भरते. वाचनाला व शिवणकामाला १५० ते ३०० लक्स लागतात. याउलट पाच वॉटचा, ४०० ल्यूमेनचा, खाली रोख असलेला दिवा पुस्तकापासून ६० सेंमी.वर ठेवला, तर १७५ लक्सपर्यंत प्रदीप्ती सहज मिळते. म्हणजे अभ्यासाला बसलेल्या मुलासाठी वाशावरच्या मोठ्या दिव्यापेक्षा मेजावरचा लहान दिवा अनेक पटींनी उपयुक्त आहे. भिंतींना चुन्याचा पांढरा हात, वाशांखाली फिकट रंगाचे छत, चुलीच्या किंवा ओट्याच्या वर स्वतंत्र दिवा आणि जिन्यावर दोन्हीकडून चालणारे बटण या गोष्टींना खर्च थोडा येतो. स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या पाठीमागे दिवा असल्यास तिची सावली कामावरच पडते. ही चूक जुन्या घरांत दिसते, तशी नव्या सदनिकांतही.

राष्ट्रीय इमारत संहितेत (१९७०, सुधारित १९८३, २००५ व २०१६) दिवसाच्या प्रकाशाविषयी मार्गदर्शन आहे. निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये तयार झालेल्या इको-निवास संहितेने खिडक्यांचे क्षेत्रफळ आणि काचेतून आत येणारा प्रकाश यांसाठी किमान मर्यादा ठरविल्या. हिचा रोख मुख्यतः शहरी सदनिकांकडे आहे. जांभ्याच्या भिंती व उतरती छपरे असलेली खेड्यातील स्वतंत्र घरे बहुतांशी तिच्या कक्षेबाहेर राहतात.

अलीकडील स्थिती : मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील खांब व तारा मोठ्या प्रमाणावर पडल्या आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. त्या दिवसांत फळ्यांवरून कंदील खाली आले, परंतु शिधापत्रिकेवरील घासलेट तोवर जवळजवळ नाहीसे झालेले होते. त्यानंतर घटमाला अंतर्भूत असलेले दिवे व सौर कंदील यांना मागणी वाढल्याचे दिसते. एलईडी दिवा कमी दाबातही लागतो, हा त्याचा खेड्यातील मोठा गुण होय. मात्र विजेचा कडकडाट व दमट हवा यांमुळे त्यातील मंडल लवकर निकामी होते. द्विप्रस्थ शाबूत असताना संपूर्ण दिवा टाकून द्यावा लागतो, आणि वेष्टनावर लिहिलेले हजारो तासांचे आयुष्य कोकणात अनेकदा पुरे होत नाही. बाजारपेठांतील काही कारागीर मंडल बदलून असे दिवे पुन्हा चालू करून देतात.

सीएफएल व नळीच्या दिव्यांत प्रत्येकी काही मिग्रॅ. पारा असतो. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली असून करारातील देशांनी अनुस्फुरक दिव्यांचे उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरविले आहे. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत पारायुक्त दिव्यांचा समावेश झाला. वापरून झालेल्या नळ्या मात्र खेड्यांत अजूनही परसातल्या खड्ड्यात किंवा व्हाळाच्या काठी टाकल्या जातात व पावसाळ्यात तेथूनच पाणी विहिरींकडे झिरपते.